ऑपरेटिंग सिस्टीमचे स्थलांतर : आज्ञावलींच्या सुसंगततेविषयीच्या अपेक्षा आणि महाविद्यालयातील मराठी दस्तऐवज

प्रास्ताविक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले. २०१५ मध्ये वापरात आलेल्या या प्रणालीवर चालणारा एकही संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. थांबला तो सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा नियमित, विनामूल्य पुरवठा. संस्थांना शुल्क भरून तो जास्तीत जास्त तीन वर्षे वाढवून घेता येतो. परंतु हा केवळ मुदतवाढीचा मार्ग आहे. विंडोज ११ ही पुढची प्रणाली २०२१ पासून उपलब्ध असली तरी तिला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. परिणामी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, कार्यालयांत व ग्रंथालयांत असलेले, यंत्र म्हणून पूर्णतः धडधाकट असे अनेक संगणक नव्या प्रणालीसाठी अपात्र ठरतात. नवे संगणक घेणे किंवा त्याच संगणकांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविणे, असे दोन पर्याय मग उरतात.

यांपैकी कोणता पर्याय श्रेयस्कर, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. कोणत्याही स्थलांतराच्या चर्चेत सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असा असतो : 'आपली सॉफ्टवेअर त्यावर चालतील का?' हा प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. त्यात दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक, आज्ञावली नव्या प्रणालीवर चालेल का? दुसरा, त्या आज्ञावलीने आजवर तयार केलेले दस्तऐवज तेथे वाचता येतील का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आले तरी बहुधा मार्ग निघतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर मात्र वीस-पंचवीस वर्षांचे लेखन निरुपयोगी होण्याचा संभव असतो. आणि मराठीतून काम करणाऱ्या विभागांच्या बाबतीत हा धोका इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक आहे. या दुसऱ्या प्रश्नाची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधी पहिल्याचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

आज्ञावली प्रणालीशी का बांधलेली असते?

संगणक तोच, प्रोसेसर तोच, मग विंडोजसाठी घेतलेली आज्ञावली लिनक्सवर का चालू नये, अशी शंका संगणकाच्या जाणकार नसलेल्या प्राध्यापकांच्या मनात येणे रास्त आहे. याचे कारण असे की आज्ञावली फारच थोडी कामे स्वतः करते. फाईल उघडणे, पडद्यावर खिडकी रेखाटणे, प्रिंटरकडे मजकूर पाठविणे, स्मृतीत जागा मागणे या सर्व गोष्टींसाठी ती प्रणालीकडे मागणी करते. या मागण्यांची नावे, त्यांचा क्रम आणि त्यांना मिळणारी उत्तरे प्रत्येक प्रणालीत वेगळी असतात. शिवाय कार्यान्वित होणाऱ्या फाईलची अंतर्गत रचनाही वेगळी असते. विंडोजवरील आज्ञावली लिनक्सने उघडू पाहिली, तर ती सूचना कोठून सुरू होतात हेच त्याला मूलतः उमगत नाही.

आज्ञावलीचा मूळ सूचनासंच ज्यांच्या हाती असतो, ते तो दुसऱ्या प्रणालीसाठी जुळवून पुन्हा संकलित करू शकतात. युनिक्सवर्गीय प्रणालींमध्ये हे काम सुकर व्हावे यासाठी १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक प्रसिद्ध झाले. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, संख्याशास्त्रातील 'आर' इत्यादी आज्ञावली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर दिसतात, त्यामागे अशीच मेहनत आहे. ज्या आज्ञावलीचा सूचनासंच निर्मात्याच्या तिजोरीत बंद आहे, तिच्या बाबतीत निर्मात्याच्या इच्छेवाचून पर्याय नसतो.

येथे रेल्वेचे उदाहरण उपयुक्त ठरावे. बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग अडीच फूट रुंदीचा, तर कुर्डुवाडीवरून जाणारा मुख्य मार्ग रुंद. बार्शी लाईटचा डबा कितीही मजबूत असला तरी मुख्य मार्गावर धावू शकत नसे. कुर्डुवाडीला माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. डबा अडला, परंतु माल पुढे गेला. आज्ञावली आणि दस्तऐवज यांचे नाते असेच आहे. मात्र माल कशात बांधला आहे, यावर तो उतरवता येईल की नाही हे अवलंबून असते, आणि खरी अडचण तेथेच आहे.

सुसंगतता निसर्गतः मिळत नाही

विंडोजवरून विंडोजवरच गेल्यास सर्व काही जसेच्या तसे राहते, असा एक समज रूढ आहे. तो अंशतः खरा असला तरी त्यामागे निर्मात्याचे पुष्कळ कष्ट असतात, हे लक्षात घेतले पाहिजे. जोएल स्पोल्स्की यांनी सांगितलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 'सिमसिटी' या खेळात एक दोष होता : परत केलेली स्मृती तो लगेच पुन्हा वाचत असे. डॉसवर हे खपून जाई. विंडोज ९५ वर खेळ कोलमडला असता. तेव्हा विंडोजच्या अभियंत्यांनी हा खेळ चालू आहे का हे ओळखून, असल्यास स्मृती निराळ्या रीतीने हाताळण्याची खास तरतूद प्रणालीतच केली. दुसऱ्याच्या आज्ञावलीतील चूक प्रणालीने पोटात घातली, असा हा प्रकार होय. अशा उदारतेलाही मर्यादा असतात. ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावली चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. म्हणजे डॉसच्या काळातील फॉक्सप्रोमध्ये कोणी फी-वसुलीची आज्ञावली लिहून घेतली असेल, तर ती विंडोजच्याच नव्या आवृत्तीवर थेट चालणार नाही. लिनक्सवर ती डॉसबॉक्ससारख्या साधनाच्या आधारे चालविता येते. विंडोजवरही तेच साधन वापरावे लागते. अशा प्रसंगी 'परकी' प्रणाली आणि 'आपली' प्रणाली यांत फरक उरत नाही.

विज्ञान शाखेतील अध्यापकांना अधिक जवळचे उदाहरण समीकरणांचे आहे. वर्डमध्ये वर्षानुवर्षे असलेला 'इक्वेशन एडिटर ३.०' हा घटक सुरक्षेतील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यापूर्वी त्यात लिहिलेली समीकरणे आजच्या वर्डमध्ये दिसतात, पण त्या घटकावाचून मूळ रूपात संपादित होत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये ती उघडताना स्वतःच्या समीकरणरूपात बदलून घेण्याची सोय आहे. बदललेली समीकरणे तपासून घ्यावी लागतात हे खरे; तरीही जुन्या प्रश्नपत्रिकांपुरती मुक्त प्रणालीवरील आज्ञावलीही येथे उपयोगी पडते, हे नमूद करणे आवश्यक आहे.

ॲपलने तर आपल्या ग्राहकांना अनेकदा स्थलांतर करावयास लावले. १९९४, २००६ आणि २०२० या वर्षी मॅक संगणकांचे प्रोसेसरच बदलले. यांपैकी शेवटच्या दोन वेळी 'रोझेटा' हे भाषांतराचे साधन काही काळासाठी दिले गेले. २०१९ च्या आवृत्तीत ३२-बिट आज्ञावलींना संपूर्ण निरोप दिला गेला. तात्पर्य, सुसंगतता ही प्रत्येक निर्मात्याने ठराविक मुदतीसाठी दिलेली सवलत असते.

पर्यायी मार्ग व त्यांच्या मर्यादा

लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावली चालविण्यासाठी 'वाइन' हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोजकडे केल्या जाणाऱ्या मागण्यांना लिनक्सवर समतुल्य उत्तरे देणारा थर तो पुरवितो. त्याची पहिली स्थिर आवृत्ती येण्यास २००८ साल उजाडले, यावरून कामाचे प्रचंडत्व ध्यानी यावे. वाइनवर पुष्कळ आज्ञावली उत्तम चालतात. परंतु 'अमुक आज्ञावली चालते' या विधानाला तिच्या आवृत्तीच्या उल्लेखावाचून अर्थ नाही, कारण पुढचीच आवृत्ती अडखळू शकते. शिवाय हार्डवेअर लॉकसारख्या, प्रणालीच्या गाभ्याशी ड्रायव्हरद्वारे बोलणाऱ्या गोष्टी वाइनवर प्रायः चालत नाहीत. अनेक जुनी भारतीय भाषिक पॅकेजेस अशा लॉकवरच अवलंबून होती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

दुसरा मार्ग आभासी संगणकाचा. लिनक्सच्या आत संपूर्ण विंडोज बसवून त्यात जुनी आज्ञावली चालविता येते. येथे सुसंगतता जवळजवळ पूर्ण मिळते. पण विंडोजचा परवाना लागतोच, पुरेशी स्मृती लागते, आणि आतील विंडोज कालबाह्य असल्यास ती महाजालापासून तोडूनच वापरावी लागते. एखाद-दुसऱ्या आज्ञावलीसाठी हा मार्ग योग्य. संपूर्ण कार्यालयासाठी नव्हे.

तिसरा बदल आपोआप घडून आला आहे. पूर्वी स्वतंत्र आज्ञावलीने होणारे पुष्कळ काम आता ब्राउझरमध्ये होते. उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती पूर्वी महाविद्यालये पीडीएफ नमुन्यात भरीत. २०२०-२१ च्या सर्वेक्षणापासून ती थेट संकेतस्थळावर भरली जाऊ लागली. अशा कामांना प्रणाली कोणती हे विचारण्याचे कारण उरले नाही. अर्थात ब्राउझरही एकमेकांहून भिन्न असतात. इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणारी संकेतस्थळे एके काळी सरकारी कारभारात विपुल होती; तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हा विंडोज वापरणाऱ्यांचीही तितकीच अडचण झाली. अंकीय स्वाक्षरीचे यूएसबी टोकन हा येथील नाजूक भाग आहे. टोकनचा ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी मिळतो का, हे त्याच टोकनच्या नावानिशी विचारून घ्यावे. हाच नियम प्रिंटरला लागू आहे. काही स्वस्त लेझर प्रिंटर पानाची आखणी स्वतः करीत नाहीत. ते काम संगणकातील ड्रायव्हरवर सोपवितात. ड्रायव्हर नसेल तर असा प्रिंटर निव्वळ खोके ठरतो.

फाईल उघडते, पण तशीच दिसते का?

दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी दोन आंतरराष्ट्रीय मानके आहेत. ओपन डॉक्युमेंट हे २००६ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने आलेले ऑफिस ओपन एक्सएमएल हे २००८ मध्ये मान्य झाले. दुसऱ्याच्या मान्यतेस भारताने सप्टेंबर २००७ च्या मतदानात विरोध नोंदविला होता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. या घडामोडींचा व्यावहारिक लाभ असा की आजच्या वर्डची फाईल लिब्रेऑफिसमध्ये बहुधा सुखरूप उघडते. परिच्छेद, तक्ते, तळटीपा येतात. अडते ते मॅक्रो, गुंतागुंतीचे नमुने आणि पानाची मांडणी यांत.

मांडणी बिघडण्याचे कारण पुष्कळदा फाँट हे असते. टाइम्स न्यू रोमन हा फाँट नव्या प्रणालीवर नसेल तर त्याच्या जागी दुसरा येतो. त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असल्यास ओळी सरकतात आणि तीस पानांचा प्रबंध एकतीस पानांचा होतो. यावर उपाय म्हणून रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये लिबरेशन नावाचे फाँट मुक्त केले. त्यांतील अक्षरांची रुंदी टाइम्स, एरियल व कुरियरशी तंतोतंत जुळविलेली आहे. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आहे. देवनागरीच्या बाबतीत मात्र अशी सोय प्रचलित नाही. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फाँट विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीबरोबर येत राहिला. लिनक्सबरोबर तो येत नाही. तेथे लोहित किंवा नोटो हे फाँट असतात. मजकूर अचूक दिसतो, परंतु पाने बदलतात. मराठी अध्यापकांसाठी येथे एक सुखद गोष्टही आहे : मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली असल्यास नोटो देवनागरी 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपे दाखवू शकतो.

मॅक्रो आणि नमुने यांचे ओझे किती असते, हे जर्मनीतील म्यूनिक शहराच्या अनुभवावरून दिसते. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. सुमारे १५,००० संगणकांचे हे स्थलांतर २०१३ मध्ये पूर्ण झाले म्हणून जाहीर झाले. दहा वर्षे लागण्याचे एक महत्त्वाचे कारण असे की प्रत्येक खात्याने आपापले पत्रनमुने, अर्ज आणि मॅक्रो वेगवेगळ्या रीतीने तयार केलेले होते. ते एकत्र आणण्यासाठी नगरपालिकेला 'वोलमुक्स' नावाची स्वतंत्र आज्ञावलीच लिहावी लागली. २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरविले. त्यामागे राजकीय कारणे होती की तांत्रिक, याविषयी मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण भाग हा की काळ खाल्ला तो प्रणालीने नव्हे, तर साचलेल्या दस्तऐवजांनी.

याउलट केरळमधील शाळांचे उदाहरण घ्यावे. 'आयटी ॲट स्कूल' या प्रकल्पातून तेथे २००० च्या दशकात संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलींवर नेण्यात आले, आणि आजही त्यासाठी खास तयार केलेली लिनक्सची आवृत्ती वापरली जाते. तेथे यश मिळाले, कारण पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे सारे नव्या प्रणालीला धरूनच रचले गेले. शिवाय शाळेच्या प्रयोगशाळेत जुन्या दस्तऐवजांचे ओझे फारसे नसते. महाराष्ट्रात २००० च्या दशकाच्या आरंभापासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरता घरोघरी नेली, हे मोठेच कार्य होय. मात्र त्यातून 'संगणक येणे' म्हणजे विंडोज आणि ऑफिस येणे असे समीकरणही रुजले. महाविद्यालयाचे कार्यालय शाळेच्या प्रयोगशाळेपेक्षा म्यूनिकच्या नगरपालिकेला अधिक जवळचे आहे, याचे भान योजना आखताना ठेवावे.

मराठी मजकुराची गाठ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंग्रजी मजकूर कोणत्याही प्रणालीवर गेला तरी 'ए' हे अक्षर 'ए'च राहते, कारण त्याचा संकेतांक सर्वत्र एकच आहे. मराठीचे भाग्य दीर्घकाळ असे नव्हते. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे मानक भारतीय मानक संस्थेने स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तथापि विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली आणि रुळण्यास आणखी बरीच वर्षे लागली. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोडला मानक म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. मधल्या काळात, म्हणजे नेमक्या ज्या काळात महाविद्यालयांत टंकलेखन यंत्राची जागा संगणकाने घेतली त्या काळात, मराठी मजकूर सी-डॅकच्या आयएसएमचे, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचे, आकृतीचे अथवा कृती देव यांसारखे फाँट वापरून लिहिला गेला.

या फाँटची युक्ती साधी होती. संगणकाला देवनागरी कळत नसल्याने इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकृत्या बसविल्या गेल्या. कृती देव फाँटमध्ये 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी इंग्रजी लहान 'डी' असते आणि पहिली वेलांटी 'एफ' असते. फाईलमध्ये साठविलेले असते ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. त्याला मराठी रूप देतो तो फाँट. फाँट गेला की मराठी गेली. प्रत्येक कंपनीने घरे आपापल्या मर्जीने वाटल्यामुळे एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही.

यावर 'फाँटची फाईल नव्या प्रणालीवर टाकली की झाले' असे सुचविले जाते. ट्रूटाइप फाँट लिनक्सवर बसविता येतात, आणि परवाना अनुमती देत असेल तर जुनी फाईल वाचण्यापुरता हा उपाय बहुधा चालतो. पण त्या फाँटसाठी लागणारी कळफलकाची आज्ञावली विंडोजसाठीच असते व अनेकदा लॉकला बांधलेली असते. म्हणून फाईल वाचता येते, दुरुस्त करता येत नाही. शिवाय अशा मजकुरात शोध घेता येत नाही, त्याची अकारविल्हे लावता येत नाही, आणि भाषावैज्ञानिक अभ्यासासाठी तो संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच.

खरा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी रूपांतरक आज्ञावली उपलब्ध आहेत. मात्र हे काम एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवण्याइतके सरळ नाही. जुन्या फाँटमध्ये मजकूर दिसण्याच्या क्रमाने साठविलेला असतो, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना जुन्या पद्धतीत वेलांटी आधी, 'क' नंतर. युनिकोडमध्ये 'क' आधी. 'कर्म' मध्ये रफार जुन्या पद्धतीत 'म' नंतर येतो. युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्ताचे चिन्ह 'म' च्या आधी असतात. रूपांतरकाला प्रत्येक वेलांटी आणि रफार उचलून योग्य स्थळी न्यावा लागतो. 'कीर्ती', 'मूर्तींच्या' यांसारख्या शब्दांत, जेथे रफार, वेलांटी व अनुस्वार एकत्र येतात, तेथे चुका हटकून आढळतात. आणखी एक अडचण मिश्र मजकुराची. प्रबंधात मराठी परिच्छेदाच्या मध्ये एखादे इंग्रजी नाव असते. रूपांतरकाने फाँट कोणता हे न पाहता सरसकट अक्षरे बदलली, तर त्या इंग्रजी नावाचेही निरर्थक देवनागरी होते. साध्या मजकुराची नक्कल करून रूपांतरकात टाकल्यास हेच घडते, कारण नक्कल करताना फाँटची माहिती मागेच राहते. रूपांतरक मूळ फाईलमधील फाँट ओळखून काम करणारा असावा, ही अट म्हणूनच अनिवार्य समजावी.

युनिकोडमध्ये आल्यावरही सर्व प्रश्न मिटत नाहीत. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा 'ऱ' व हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणक मात्र त्यांना भिन्न शब्द मानतो. ग्रंथसूचीत एका प्रकाराने नोंदलेले शीर्षक दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास सापडत नाही, आणि पुस्तक नसल्याचा निष्कर्ष वाचक काढून मोकळा होतो. कोणता प्रकार वापरावयाचा हे विभागाने एकदा ठरवून त्यानुसार बदल करून घेणे फारसे कष्टाचे नाही.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. डॉसच्या काळात सी-डॅकचे जिस्ट कार्ड वापरून साठविलेला मजकूर इस्कीमध्ये असे. इस्कीतील क्रम उच्चाराचा आहे, आणि युनिकोडमधील देवनागरी विभाग इस्कीच्याच आधारे रचलेला आहे. म्हणून १९९० च्या सुमाराची इस्कीतील विद्यार्थी-नोंद युनिकोडमध्ये आणणे हे २००३ मधील श्रीलिपीतील नोंदीपेक्षा सोपे असते. त्या काळातील डीबीएफ फाईली तर लिब्रेऑफिसचे कॅल्क थेट उघडू शकते. मानकाला धरून केलेले जुने काम मानकाबाहेरच्या नव्या कामापेक्षा अधिक टिकते, ते असे.

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची स्थिती सर्वांत बिकट आहे. हे अंक पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फाँटमध्ये रचले गेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. इनडिझाइनने काही काळ या फाईली उघडल्या. सीएस६ नंतरच्या आवृत्त्या त्या उघडत नाहीत. लिब्रेऑफिस पेजमेकरच्या फाईली काही अंशी वाचू शकते, परंतु आत मजकूर असतो तो जुन्या फाँटचाच. म्हणजे येथे दोन कुलपे आहेत, आणि दोन्हींच्या किल्ल्या निरनिराळ्या. विद्यार्थ्यांच्या पहिल्या कविता, स्थानिक इतिहासावरील लेख, दिवंगत प्राध्यापकांवरील स्मरणलेख या अंकांत असतात. छापील प्रत ग्रंथालयात असेल तर निदान ती स्कॅन करता येईल.

ग्रंथालय व विभाग

ग्रंथालयाच्या बाबतीत स्थिती आश्वासक आहे. इन्फ्लिबनेटचे सोल विंडोजवर चालते, तर कोहा ही न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रथम वापरात आलेली मुक्त आज्ञावली लिनक्सवर. दोन्ही मार्क २१ हा नोंदींचा आराखडा जाणतात, त्यामुळे ग्रंथनोंदी एकीतून दुसरीत नेता येतात. वाचकांच्या देवघेवीचा जुना इतिहास मात्र त्या आराखड्यात बसत नाही. तो वेगळा काढावा लागतो. सामाजिक शास्त्रांतील अध्यापकांनी एसपीएसएसमध्ये साठविलेली माहिती पीएसपीपी किंवा 'आर' मध्ये उघडते. लेखाकार्यालयातील टॅली ही विंडोजसाठीची आज्ञावली आहे. तेथील एक-दोन संगणक नव्या विंडोजवर नेणे हेच व्यवहार्य होय. सर्वत्र एकच प्रणाली असावी हा आग्रह प्रस्तुत लेखकास अनाठायी वाटतो. नव्या आज्ञावलींच्या प्रशिक्षणासाठी मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी पाठ उपलब्ध आहेत. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी दोन्ही प्रणालींत मुळातच असते, त्यामुळे ती शिकलेल्या लिपिकाच्या बोटांना स्थलांतर जाणवतही नाही.

कामाचा क्रम

लिनक्स संगणकावर न बसविता यूएसबीवरून चालवून पाहता येते. प्रिंटर, स्कॅनर, जाळे आणि टोकन यांची चाचणी त्यातच करावी. चाचणीसाठी नवी कोरी फाईल न घेता विभागातील सर्वांत त्रासदायक फाईल निवडावी : समीकरणे असलेली प्रश्नपत्रिका, मॅक्रो असलेले निकालपत्रक, मराठी-इंग्रजी मिश्र प्रबंध.

त्याआधी एक काम करावयास हवे, ते म्हणजे फाँटची नोंदवही. कोणत्या विभागाच्या कोणत्या फाईली कोणत्या वर्षी कोणत्या फाँटमध्ये लिहिल्या गेल्या, याची यादी बहुतेक ठिकाणी कागदावर नसते. ती असते कार्यालयातील एखाद्या ज्येष्ठ लिपिकाच्या वा टंकलेखकाच्या स्मरणात. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती होती, लॉक कोणत्या कपाटात आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. ते सेवानिवृत्त होण्यापूर्वी ही नोंद करून घ्यावी. ज्या संगणकावर जुने पॅकेज लॉकसह अजून चालते, तो जाळ्यापासून तोडून, रूपांतर आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावा. त्याच्या हार्ड डिस्कची प्रतिमा वेगळी काढून ठेवावी. भंगाराच्या यादीत त्याचे नाव घालण्यापूर्वी संबंधित विभागप्रमुखाची लेखी संमती घेण्याची पद्धत पाडावी. रूपांतरित मजकुराची तपासणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून मूळ छापील प्रतीशी ताडून करून घेता येईल. मराठी विभागासाठी तो प्रमाणलेखनाचा चांगला प्रकल्पही ठरेल, आणि त्यात सापडलेल्या चुकांची यादी रूपांतरक तयार करणाऱ्यांकडे पाठविता येईल.